भालूकाकांच्या गाड्या

भालूकाका गिरणीवर दळण न्यायचे ते पिकअप उलटी चालवत. तिचे पुढचे गिअर कधीच कामातून गेले होते, शाबूत होता तो फक्त रिव्हर्स. मान मागे वळवून, एक हात शेजारच्या सीटवर टाकून, हा सत्तरीचा माणूस अख्ख्या रस्त्याला शिव्या देत जायचा. कोणी हसलं की गाडी थांबवून विचारायचा, "पोचलो ना? मग?"

२०१४ साली लग्न होऊन मी तलासरीजवळच्या या गावात आले आणि इथल्याच शाळेत शिकवू लागले. आमच्या आणि काकांच्या अंगणात मेंदीचं एक कुंपण, तेही विरळ. पलीकडे सहा गाड्या उभ्या. एक जीप मिलिटरीच्या लिलावातली, एक जंगलखात्याने टाकून दिलेली, बाकीच्या पिकअप चिकूच्या पाट्या वाहून झिजलेल्या. चारही चाकांना जोर असेल तीच गाडी, पिकअपला ओझं वाहते म्हणून सूट, आणि उरलेल्या साऱ्या 'साबणाच्या वड्या', पाऊस लागला की विरघळणाऱ्या, असं काकांचं मत होतं. हायवेवरून एखादी चकचकीत गाडी हॉर्न वाजवत गेली की त्यांचं डोकं तासभर तापलेलं असायचं.

पहिली जीप त्यांनी लग्नाआधी घेतली आणि मुलगी बघायला तिच्यातूनच गेले. परतताना ती ओढ्यात अडकली, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी धोतर खोचून ढकलली. ही हकीकत मला माझ्या सासूबाईंनी सांगितली. काकी गेल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

रोज सकाळी काका एकेक गाडी सुरू करून बघत. सुरू झाली नाही तर रागावत, झाली तर जास्त रागावत. "मग काल काय धाड भरली होती?" सगळा धूर माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. मी एकदा तक्रार घेऊन गेले तर म्हणाले, डिझेलच्या धुराने डास मरतात, फुकट मिळतोय तर उपकार माना. मी बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं.

वापीहून एक भंगारवाला यायचा. "काका, हवे आपी दो ने," आता देऊन टाका ना, म्हणून गाड्यांसाठी गोड बोलायचा. काका त्याला बसवून चहा पाजत, चहा संपला की हाकलून देत. "भंगार तुझा मेंदू," हे त्याला दर वेळी ऐकावं लागे. तरी तो येत राही. चहा चांगला असायचा.

मुलगा सुरतेला. २०१८च्या दिवाळीत नवी पांढरी गाडी घेऊन आला. अंगणात जागा नव्हती, म्हणून ती रस्त्यावर लावावी लागली आणि तिथून भांडण पेटलं. हे लोखंड विका आणि माझ्याकडे चला, नाहीतर यातच गंजून जाल, असं तो म्हणाला. काकांनी विचारलं, तुझ्या सातव्या मजल्यावर जीप चढते का? मुलगा भाऊबीजेलाही थांबला नाही. काका दिवसभर एका टायरला लाथा घालत होते.

आणि मग थोड्याच दिवसांत हादरे सुरू झाले. जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज यायचा, मांडणीवरची भांडी खणखणायची, भिंतीला चीर जायची. घरात झोपायची कोणाची छाती होईना. थंडी वाढत होती, ताडपत्र्या मिळत नव्हत्या. संध्याकाळी आम्ही ओट्याखाली अंगणात अंथरुणं घालत होतो, तोच काका कुंपणाशी येऊन माझ्यावर कडाडले, "म्हातारीला दवात झोपवता, बाई? शाळेत हेच शिकवता? जंगलखात्याच्या जीपची मागची सीट काय माझ्या बापासाठी ठेवलीय?"

सासूबाई जीपमध्ये गेल्या. आठवडाभरात अर्धी आळी त्या अंगणात आली. पिकअपच्या हौद्यात गवत पसरून वर गाडीचीच ताडपत्री ताणली, की एकेका गाडीत एकेक कुटुंब मावायचं. काकांच्या तोंडाचा पट्टा चालूच. सीटला तेलकट डोकं लावू नका. दारं आपटू नका, दाराला जीव असतो. स्टिअरिंगवर लंगोट कोणी वाळत घातलाय? धरणी हलली की तिलाही त्याच आवाजात दम, "ए, गप बस." बायका तिथेच चुली मांडत. काका प्रत्येक चुलीवरची भाकरी खात आणि प्रत्येकीला सांगत, कालवणात मीठ नाही, तुमच्या सासवांनी तुम्हांला काही शिकवलं नाही. त्या हिवाळ्यात ते चांगले अंगाने भरले.

उन्हं तापू लागली तसे हादरे कमी झाले. लोक एकेक करून घरी परतले. काकांचा राग मात्र वाढत गेला. घरं अंगावर पडली की माझ्याकडे येऊ नका, असं जाणाऱ्या प्रत्येकाला सुनावत. शेवटी सासूबाई निघाल्या. काकांनी त्यांच्या गोधडीची घडी स्वतः घातली आणि माझ्या हातात दिली.

त्यानंतर एका सकाळी ते कुंपणाशी आले. दाढी वाढलेली.

"काल संध्याकाळी हादरा बसला. मोठा होता."

मी आदल्या संध्याकाळी घरातच वह्या तपासत बसले होते. काहीच हललं नव्हतं. तसं मी सांगितलं.

"कळत कसं नाही तुम्हांला? आख्खी आळी बहिरी झाली काय?" ते चिडून म्हणाले, पण आवाज वर चढला नाही. माझ्याकडे न बघता मेंदीची पानं खुडत राहिले.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि काकांकडे बघितलं.

"बसला की, भालू," त्या म्हणाल्या. "माझा पाट हलला. हिला वह्यांपुढे काय कळतंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजचं रांधायचं तिकडेच ने, बाय. आणि माझी गोधडी घे."

काका मागे फिरून अंगणात गेले आणि खांद्यावरच्या पंच्याने जीपची सीट झटकू लागले.