मलंगगडाची बिअर

माझ्या कुटुंबाच्या मते मी जन्मात एकदाच धाडस केलं, आणि तेही घरी पाटावर बसल्या बसल्या. झालं होतं इतकंच, की एका छापील कागदावरचा रिकामा रकाना मी भरला होता.

गोष्ट अठराशे शहाऐंशी सालच्या चैत्रातली. मी तेव्हा कल्याणात विल्मॉट साहेबाच्या हाताखाली कारकून होतो. साहेब माणूस भला, पण त्याला दोन खोडी. एक म्हणजे तो मराठी शिकला होता एका जुन्या शास्त्रीबुवांकडून. त्यामुळे तो बोलायला लागला की कचेरीत पोथी लागल्यासारखं वाटायचं. शिपायाला हाक मारायची तर "भो सेवका!" दुसरी खोड डोंगराचे कडे चढायची. रविवार उजाडला की कमरेला दोर बांधून हा मलंगगडाच्या कड्याला पालीसारखा चिकटायचा. बरं, वर काही असायचं म्हणाल तर तेही नाही. देव नाही, मध नाही, चुकलेली शेळी नाही. चढायचं, घाम पुसायचा, उतरायचं आणि खाली सावलीत बसून बिअर प्यायची. (बिअर आधी पिऊन चढणं वाचवलं तर काय बिघडेल, असं मला फार वाटे, पण साहेबाला वाटेल ते सगळं सांगायचं नसतं.)

त्याचा एक दोस्त होता, वॉल्टर साहेब. तो ठाण्याहून यायचा. दोघे एकाच दोराला बांधलेले असले तरी बिअरवरून त्यांचं कधी पटलं नाही. आमचा साहेब पिवळ्या बिअरचा भक्त. तिनं अंग हलकं राहतं म्हणायचा. वॉल्टर साहेब काळ्या बिअरचा. ती पोटात धोंड्यासारखी बसते, त्यामुळे माणूस कड्यावर वाऱ्यानं हलत नाही, असं त्याचं शास्त्र. एकदा तर म्हणे कड्याच्या अर्ध्यावर लोंबकळत दोघे तासभर यावरच भांडत होते.

त्या चैत्रात विलायतेहून एक छापील तक्ता आला. तिकडं अशाच कडेचढ्या लोकांचं मंडळ होतं. कुठल्या मुलखातला चढणारा कुठली बिअर पसंत करतो आणि का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. (ज्यांचं राज्य एवढं मोठं, त्यांना एवढाच प्रश्न शिल्लक राहिला होता!) पहिल्या रकान्यात साहेबानं पिवळी लिहिली, दुसऱ्यात वॉल्टर साहेबानं काळी लिहिली. तिसरा रकाना इथल्या लोकांचा. साहेबानं मला बोलावलं.

"हे त्र्यंबका, या प्रांतीचे कडे चढणारे जन कोणत्या बिअरचे सेवन करिती? शोध घेऊन सोमवारी निवेदन कर."

आता मलंगगडाच्या पायथ्याला ठाकरांची वाडी आहे आणि तिथला सहदेव ठाकर कड्यावरची मोहोळं काढतो, हे मला ठाऊक होतं. त्याला जाऊन विचारायचं, एवढंच काम. पण पाच कोस वाट, चैत्रातलं ऊन आणि बैलगाडी! रविवारी जेवायच्या आधी मी तक्ता पुढ्यात घेऊन बसलो होतो. तेवढ्यात कुटुंबानं आंबिलीची वाटी आणून ठेवली. नाचणीचं पीठ रात्रभर आंबवून शिजवलेलं, ताक, मीठ, जिरं घातलेलं. एक घोट घेतला आणि डोकं गार झालं. मी टाक उचलला आणि रकान्यात लिहिलं, "आंबील."

सोमवारी साहेब हर्षभरित झाला.

"हे पेय धान्याचे?"

"होय साहेब, नाचणीचं."

"आंबविलेले?"

"रात्रभर, साहेब."

"बल येते?"

"फार! आमची गोदूआत्या सत्तरीची आहे, रोज भांडंभर पिते."

"अहो आश्चर्यम्! आणि तीही चढते?"

"माडीवर. दिवसातून चार वेळा."

एकही शब्द खोटा नव्हता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. माणूस खरं बोलून किती खोल जाऊ शकतो, हे मला तेव्हा समजलं. साहेबानं टेबलावर मूठ आपटली. येत्या रविवारी मलंगगडाखाली तिन्ही बिअरची परीक्षा व्हायची. आंबिलीच्या चोवीस बाटल्या मी आणायच्या.

बाटल्या साहेबाच्या बटलरनं, मॉरिसनं, दिल्या. हा वसईकडचा किरिस्ताव, स्वभावानं काटेकोर. भर दुपारी हातगाडीवर दोन खोकी लादून, खळखळ वाजवत, तो आमच्या आळीत शिरला. रिकाम्या बिअरच्या चोवीस बाटल्या, सगळ्यांवर विलायती चिठ्ठ्या. खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती.

"क्लार्क," मॉरिस मोठ्यानं म्हणाला (तो सगळंच मोठ्यानं म्हणायचा), "बूच तारेनं आवळून बांध. ढिलं सोडलंस तर बिअरचा दम जातो!"

समोरच्या आवडाबाईंच्या हातातला तांब्या पायरीवरून थेट रस्त्यावर गेला.

गुरुवारी कुटुंबानं घंगाळभर आंबील केली. मी म्हटलं, "यात गूळ घाल. चांगला दोन शेर."

"काहीतरीच काय! फसफसेल ना सगळी."

"फसफसायलाच हवी. बिअर फसफसते."

"तुम्हांला काय ठाऊक?"

"ऐकून आहे," मी घाईनं म्हणालो. गूळ घातला. शिवाय आंबावी म्हणून आदल्या दिवसाची आंबट आंबील घातली. बाटल्या भरल्या आणि मॉरिसनं सांगितल्याप्रमाणे तारा इतक्या आवळल्या, की माझ्या बोटांना फोड आले. खोकी बंद करून माजघरात ठेवून दिली.

आता शनिवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, हे मी विसरलो. माझं कुटुंब विसरलं नव्हतं. गौरीपुढे आरास मांडायला पायऱ्या हव्या होत्या. आयतीच दोन खोकी सापडली. एकावर एक ठेवली, वर तिचा शालू पसरला, शालूवर करंज्या, लाडू, कलिंगडाची कमळं, कैऱ्यांचे मोर. आळीतल्या पंचवीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी बाहेर ओटीवर पंख्यानं वारा घेत होतो.

पहिला आवाज झाला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी पाट आपटला. दुसऱ्याला शालू फुगला. मग मात्र एकदम पंधराएक बार झाले आणि आरास आढ्याकडे निघाली! कैऱ्यांचे मोर खरोखर उडाले. एक बूच आवडाबाईंच्या अंबाड्यात रुतलं. बायका, पोरं, डाळीच्या वाट्या, सगळं एकदम ओटीवर आलं. मी दारातच होतो, त्यामुळे माझ्या अंगावरूनच गेलं. गौर तेवढी झोपाळ्यावर शांत होती.

आत गेलो तर माझं कुटुंब माजघराच्या मधोमध उभं. केसांतून, नथीवरून आंबील निथळतेय. ती रडली नाही, ओरडली नाही. फुटक्या काचा बघत म्हणाली, "माझा माहेरचा शालू होता तो." तेव्हा मात्र मला पहिल्यांदा खरोखर लाज वाटली.

तेवढ्यात आवडाबाईंचा आवाज साऱ्या आळीला ऐकू गेला. "गौरीखाली बिअर, गं बाई! गौरीखाली!"

अर्ध्या घटकेत ओटीवर पंच जमले. पुढे प्रभाकरशास्त्री. आगगाडीत पाणी प्यायल्याबद्दल सख्ख्या भाच्याला प्रायश्चित्त देणारा हा माणूस. वाळीत टाकलं तर पाणी बंद, भटजी बंद, पुढच्या महिन्यात ठरलेली धाकट्या बहिणीची सोयरीक बंद.

"हे काय आहे?" शास्त्रीबुवांनी फुटक्या बाटलीकडे बोट केलं.

"आंबील."

"चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

इंग्रजी शिकल्याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला. "उत्तम पिवळी बिअर."

"म्हणजे बिअर."

"चिठ्ठी बिअरची आहे. आत आंबील आहे."

आतून गोदूआत्या ओरडली, "आंबीलच आहे ती! मी रोज पिते!" आत्यानं माझी बाजू घेतली खरी, पण पंचांनी एकमेकांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती बघून आत्या गप्प बसती तर बरं, असं मला वाटलं.

"हे ठरवायचं कसं?" एकानं विचारलं.

"चाखून," दुसरा म्हणाला, आणि सगळे एक पाऊल मागे सरले. कारण चाखायचं तर त्याला बिअरची चव आधी माहीत हवी. तशी ती आमच्या आळीत कुणालाच माहीत नव्हती. निदान कबूल कुणालाच नव्हती.

शेवटी शास्त्रीबुवांनी फडक्यानं एक फुटकी काच उचलली, लांबूनच वास घेतला, मग जरा जवळून, मग अगदी नाकाशी धरून. आणि तोंड वेडंवाकडं करून त्यांनी ती फेकली.

"छट्! ही बिअर नव्हे."

"नक्की?"

"अहो नक्की काय! बिअरला कडसर वास असतो, विलायती फुलांचा. आणि फेस असा दह्यासारखा बसत नाही. तो हलका असतो, ओठाला लागला की—"

शास्त्रीबुवा थांबले.

"ओठाला लागला की काय हो होतं, शास्त्रीबुवा?" गोदूआत्यानं दाराआडून विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

पंच उठले. एकाला एकाएकी संध्या आठवली (दुपारचे तीन वाजले होते), एकाला पाहुणे. शास्त्रीबुवांचा तर एक जोडा आमच्याच ओटीवर राहिला. माझ्यावरचा खटला तिथंच निकाली निघाला.

सात बाटल्या वाचल्या होत्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून रविवारी पहाटेच त्या गाडीत घातल्या आणि मी मलंगगडाखाली पोहोचलो. दोन्ही साहेब आलेले होते. मॉरिसनं पांढरं फडकं अंथरून पिवळी आणि काळी मांडली होती. आणि साहेबानं वाडीतून सहदेव ठाकराला बोलावून आणलं होतं! हडकुळा, काळा, कमरेला कोयता. कड्याकडे तो अशा नजरेनं बघत होता, जशी आपण आपल्या जिन्याकडे बघतो.

"हे वनचरा," साहेब म्हणाला, "आरोहणापूर्वी तू काय प्राशन करितोस?"

सहदेवनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चढायच्या आधी काय पितोस, विचारतात."

"पानी."

"आणि बिअर?" साहेबानं विचारलं.

"पिऊन चढला तं मान मोडंल ना! सायेबाला कलत नाय का?"

हे मात्र साहेबाला भाषांतराशिवाय समजलं. तो माझ्याकडे वळला. रागावला नव्हता, नुसता चकित झाला होता, आणि ते जास्त वाईट. "मग त्र्यंबका, आंबील पिऊन कडा चढणारा या देशीचा जन कोण?"

खरं सांगायला हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "मी."

पुढच्या पाच मिनिटांत माझ्या धोतराचा काचा मारलेला, कमरेला दोर आणि नाकासमोर कडा. मॉरिसनं एक बाटली फोडून माझ्या हातात दिली. ती मी प्यायलो. दीड पुरुष उंचीपर्यंत मी कसा गेलो ते मला माहीत नाही, पण तिथून वर आणि खाली, दोन्ही रस्ते बंद झाले. मी डोळे मिटले, खडकाला मिठी मारली आणि रामरक्षा म्हणू लागलो. तीही मधेच विसरलो. मग कुणीतरी माझी मानगूट धरली.

"सोड खडकाला," सहदेव कानाशी म्हणाला. "तो कुटं जात नाय."

त्यानं मला पाठुंगळी घेतलं आणि पायऱ्या उतराव्यात तसा खाली उतरला.

साहेबांनी उरलेली आंबील चाखली. वॉल्टर साहेबानं तोंडातली तिथंच थुंकली. आमच्या साहेबानं गिळली, डोळ्यांत पाणी आलं तरी गिळली. इतक्या वर्षांत त्या दोघांचं प्रथमच एकमत झालं. मग साहेबानं तक्ता काढला, माझा शब्द खोडला आणि "पाणी" असं लिहिलं. सहदेवला त्यानं आपला नवा दोर बक्षीस दिला. त्याच्या घरात तो म्हैस बांधायला वापरतात.

नोकरी गेली नाही. शालू धुऊन निघाला, डाग राहिला तो निऱ्यांत लपतो. बहिणीचं लग्नही झालं. पण आळीत माझ्याविषयी एक वेगळीच कुजबुज सुरू झाली होती, ती मला बऱ्याच दिवसांनी कळली. एक दिवस दुपारी परसदारी कडी वाजली. उघडलं तर टिटवाळ्याचे एक सभ्य गृहस्थ. उपरणं, भिकबाळी, कपाळाला गंध. इकडेतिकडे बघत ते हळूच म्हणाले, "आपल्याकडं ती मिळते असं ऐकलं. पोटाच्या विकारासाठी हवी होती."

मी काही बोलायच्या आत गोदूआत्यानं भांडंभर आणून त्यांच्या हातात दिली. गृहस्थांनी डोळे मिटून एक मोठा घोट घेतला. डोळे उघडले. पुन्हा एक घेतला. मग भांडं खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे फार दुःखानं पाहिलं.

"अहो, ही आंबील आहे."

"होय."

"एवढ्या उन्हात टिटवाळ्याहून आलो मी." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि दारातून बाहेर पडता पडता मागं वळून म्हणाले, "नसेल जमत, तर चांगल्या घरातल्या माणसानं या धंद्यात पडू नये."