सूर्य आमच्या अखत्यारीत येत नाही

हिवाळा लागला आणि आमच्या परसातल्या कोंबड्यांनी अंडी देणं कमी केलं. सुरुवातीलाच स्पष्ट करतो, की या घटनेकडे मी भावनेने पाहिलं नाही. मी एका मोठ्या कार्यालयात कार्यक्षमता अधिकारी होतो. भावनेने पाहायची खोड तिथे पहिल्या वर्षीच मोडते. उन्हाळाभर आमची टोपली ओसंडून वाहत होती. आता नाश्त्याला तिघांत मिळून एक आम्लेट येऊ लागलं आणि त्याचा मधला भाग कुणी घ्यायचा यावरून माझं आणि बायकोचं बोलणं बंद व्हायची वेळ आली.

कोंबड्या आईच्या. दुपारी ती परसात बादली उपडी घालून तिच्यावर बसते आणि त्यांच्याशी गप्पा मारते. त्यातली ठुमकी तिची विशेष लाडकी. ही करड्या रंगाची, एक पाय किंचित ओढत चालणारी. ठुमकी येऊन आईच्या चपलेवर बसली की ती स्वतःहून उठेपर्यंत आई हलत नाही. त्या वेळात घरातून कुणीही हाक मारली तरी ती ओ देत नाही, मीसुद्धा त्यात आलोच.

मी रीतसर चौकशी लावली आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी खुराड्यात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि केसांतला भुसा झटकला.

"काही झालेलं नाही यांना. दिवस लहान झालाय. उजेड कमी पडला की कोंबडीचं शरीरच अंडी घालणं आवरतं घेतं. शिवाय पिसं झडतायत, नवी यायचीत, सगळी ताकद तिकडे जाते. दिवस मोठा झाला की होतील सुरू आपोआप."

"ते ठीक. पण जबाबदार कोण?"

"जबाबदार?" डॉक्टर बुचकळ्यात पडले. "सूर्य म्हणा हवं तर."

"सूर्य आमच्या अखत्यारीत येत नाही, डॉक्टर. खुराड्यातलं कुणीतरी सुचवा."

डॉक्टरांनी बॅग बंद केली आणि ते फाटकाबाहेर पडले. ज्या कारणावर कारवाई करता येत नाही ते कारण धरायचंच नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हता.

मी प्रत्येक कोंबडीला आठवड्याचं उद्दिष्ट ठरवून दिलं आणि खुराड्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. कोंबड्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कार्यालयातही सगळे शांतपणेच ऐकून घेतात, म्हणून मी ते मान्य झालं असं समजलो. अंडी आणखी घटली. कोंबडा तेवढा रोज पहाटे वेळेवर हजर राहून जिवाच्या आकांताने ओरडायचा. तो अंडी देत नव्हता, पण वातावरण कामाचं ठेवत होता. त्याला मी पर्यवेक्षक नेमलं.

पाहणीत ठुमकीचं प्रकरण उघड झालं. मान उघडी, शेपूट गायब, पिसं अंगणभर. 'कामाच्या वेळेत गणवेश उतरवून वावरणे' असा शेरा मी तिच्यावर मारला. तिने तर महिनाभर एकही अंडं दिलेलं नव्हतं. बाकीच्यांना वचक बसावा म्हणून तिला सेवामुक्त करण्याचा निर्णय मी रात्री जेवताना जाहीर केला.

"सेवामुक्त म्हणजे काय करणार?" आईने विचारलं.

"शिजवणार," बायको म्हणाली. तिला कार्यालयीन भाषा येत नाही.

आईचा घास हातातच राहिला. "अरे, तू गणितात नापास झालास, तेव्हा तुला शिजवलं होतं का मी?"

"आई, तो विषय वेगळा."

"विषय गणितच होता!"

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी उठून तडक डॉक्टरांकडे गेली आणि पदराखाली एक बल्ब घेऊन परत आली. पहाटे खुराड्यात दिवा लावला की कोंबड्यांना दिवस मोठा झाल्यासारखा वाटतो, मग त्या अंडी देतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "पण त्यांना विसावा मिळणार नाही, असंही म्हणाले," आई पुटपुटली. विसावा हे उद्दिष्ट नसल्याने मी त्याची नोंद घेतली नाही. ठुमकीचा जीव वाचावा म्हणून आईने स्वतःच्या हाताने दिवा टांगला.

आणि अंडी आली! टोपली भरू लागली. ठुमकीनेसुद्धा एक दिलं, लहानसं, हात लावताच तडकणारं. मी विजयी मुद्रेने कार्यालयात गेलो आणि हा सगळा प्रयोग संचालकांना सांगून बसलो.

संचालकांचे डोळे चमकले. हिवाळ्यात अंधार पडला की कर्मचारी घरी जातात, हे त्यांचं जुनं दुखणं होतं. "कोंबडीला जमतं, तर माणसाला का जमू नये?" ते म्हणाले. दुसऱ्याच दिवसापासून खिडक्यांना जाड पडदे लागले, छताला पांढरेशुभ्र दिवे आले आणि भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीच्या नावाखाली उतरवलं गेलं. 'संध्याकाळ' हा शब्द बोलण्यात टाळावा, अशी सूचना निघाली. बाहेर रात्र झाली तरी आत ऐन दुपार असे. काम वाढलं. या टेबलावरची फाइल त्या टेबलावर जाऊन आता त्याच दिवशी परत येऊ लागली. कोंबडी निदान अंडं तरी घालते. आम्ही नक्की काय घालत होतो हे कुणी विचारलं नाही, पण जे काही होतं ते दुपटीने घालू लागलो.

थोड्याच दिवसांत माझे केस झडायला लागले. मी जिन्यात उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागलो. एकदा जोडाक्षरं सुचेनाशी झाली म्हणून दिवसभर फक्त 'पाहिले' एवढंच लिहिलं. महिनाअखेरीच्या आढाव्यात सर्वांत खालचं नाव माझं निघालं.

"तुमची कामगिरी घसरलीये," संचालक म्हणाले. "कारण?"

"साहेब, हिवाळा आहे. उजेड कमी, झोप नाही. थोडा दिवस मोठा झाला की..."

"सूर्य आपल्या अखत्यारीत येत नाही. तुमचंच वाक्य आहे." त्यांनी मागे बोट दाखवलं. ते वाक्य चौकटीत बसवून भिंतीवर लावलं होतं. मग त्यांची नजर माझ्या टकलाकडे गेली. "आणि हा अवतार? कामाच्या वेळेत?"

मला सेवामुक्त करण्यात आलं. बाहेर पडताना आमच्या कार्यालयाला स्वयंपाकघर नाही, याचं खरोखर बरं वाटलं.

घरी आलो तेव्हा चक्क ऊन होतं. आई परसात बादलीवर बसली होती आणि ठुमकी तिच्या चपलेवर. खुराड्यात दिवा दिसला नाही.

"काढला मी कालच," आई म्हणाली. "ठुमकी बसल्या बसल्या कलंडत होती रे. काय करायचं ते कर."

"आई, मला काढून टाकलं."

तिने माझ्या डोक्याकडे निरखून पाहिलं. मग उठायचं नव्हतं म्हणून बसूनच माझा हात धरला. "जेवलास का? आणि घाबरू नकोस, तुला शिजवणार नाही मी."

मला रडू कोसळलं. ज्या जिवाला मी पातेल्यात घालायला निघालो होतो तो समोर निवांत डोळे मिटून बसला होता, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथेच मातीत बसकण मारली. थोड्या वेळाने ठुमकी उठली, पाय ओढत आली आणि माझ्या बुटावर बसली. तिच्या मानेवर नवी पिसं फुटत होती. आतून बायको हाका मारत होती. मी ओ दिली नाही.

आता तुमच्या मनात येईल, दिवा काढल्यावर अंडी किती मिळतात? ज्यांच्या मनात हा प्रश्न आला असेल, त्यांनी आमच्या संचालकांना जरूर भेटावं. माझी खुर्ची रिकामी आहे, आणि तिथे उजेड भरपूर आहे.