गट चुकला

मुलांनो, आमचे जगदाळेभाऊजी दर शुक्रवारी चार वाजता माझ्या जेवणाच्या टेबलावर अमेरिका पसरतात. चहा उकळायच्या आत नकाशा उलगडलेला असतो आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर माझ्या चार वाट्या उपड्या घातलेल्या असतात. मग मसाल्याचा डबा मागतात. वेलदोडे म्हणजे बास्केटबॉलचे पूर्वेकडचे संघ, लवंगा म्हणजे पश्चिमेकडचे. "वहिनी, मिनियापोलिस उचला," असं ते मला सांगतात आणि मी न्युरेम्बर्गमध्ये बसून एक लवंग उचलते. संध्याकाळी तीच लवंग मसालेभातात जाते. तुमचे आजोबा शुक्रवारी साडेतीनलाच फिरायला निघतात.

जगदाळे मूळचे सांगलीचे. आजोबांबरोबर एकाच कारखान्यात, एकाच ड्रॉइंग ऑफिसमध्ये त्यांनी नोकरी केली आणि आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर संसार केला. सहा फूट उंच. कॉलेजात मातीच्या मैदानावर बास्केटबॉल खेळलेले. सुलभावहिनी गेल्यापासून एकटेच आहेत.

त्यांचं दुखणं असं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे दोन गट आहेत, पूर्व आणि पश्चिम. प्रत्येक गटातले वरचे संघ अंतिम फेऱ्यांना जातात. पश्चिमेचे संघ वर्षानुवर्षं जोरदार. त्यामुळे होतं काय, की पश्चिमेतला एखादा चांगला संघ भरपूर सामने जिंकूनही घरी बसतो आणि पूर्वेतला त्याच्याहून कच्चा संघ पुढे जातो. बाकीचं जग हे वाचून पान उलटतं. जगदाळे सकाळी सहाला निकाल बघतात आणि नाश्ता करत नाहीत.

"त्या संघाचा गुन्हा काय, वहिनी? खेळ चांगला. फक्त गट चुकला."

हे "गट चुकला" त्यांच्या तोंडून आम्ही कशाकशावर ऐकलं आहे. मंडळाच्या गणपतीत अंताक्षरी सुरू होणार, तेवढ्यात हे उठले. गाणाऱ्या सगळ्या बायका एकीकडे आल्यात, गट चुकलाय, म्हणाले, आणि कागद काढून नव्याने वाटणी करत बसले. ती होईपर्यंत आरतीची वेळ झाली. त्या वर्षी अंताक्षरी झालीच नाही आणि पुढच्या वर्षीपासून मंडळाचं आमंत्रण त्यांना उशिरा जायला लागलं. इमारतीचा जिना धुण्याच्या पाळ्यांचंही तेच. तळमजल्यावरच्या फ्राऊ त्सिमरमान यांच्या वाट्याला सगळ्यांच्या बुटांचा चिखल येतो, वरच्यांना नुसती धूळ, हा अन्याय आहे, असं पत्रक त्यांनी दारादारांत टाकलं. सोबत रंगीत तक्ता. फ्राऊ त्सिमरमान यांनी तो जर्मन शिस्तीने घडी घालून परत केला. आपण चाळीस वर्षं जिना धुतोय आणि आपली काही तक्रार नाही, असं कळवलं. "गेनाऊ, अगदी तेच," जगदाळे मला म्हणाले. "चाळीस वर्षं सोसलं, म्हणून कोणाला दिसत नाही."

लीगची नवी रचना त्यांनी किती तऱ्हांनी केली, मी मोजायचं सोडलं. कधी तीन गट, कधी सहा, कधी गटच नाहीत. प्रत्येक रचनेबरोबर एक इंग्रजी पत्र. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून पत्र तपासायचं काम माझं. "डिअर मॅडम" अशी सुरुवात, मग दोन पानं तक्ते, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, की एक उत्तम संघ व्यवस्थापनाच्या चुकीमुळे घरी बसला याचं खालील सही करणाऱ्यास दुःख वाटतं. लीगच्या कचेरीत कोणी बाई असतील, असं मी धरून चालले होते. मी स्वल्पविराम घालायची, ते पाकीट स्वतः पोस्टात टाकायचे. उत्तर आलं का, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "आल्झो, असं बघा, मोठी कचेरी आहे. वेळ लागतो."

आता त्यांच्या मुलांबद्दल सांगते. शेखर मोठा, मीनल दोन वर्षांनी धाकटी. जगदाळ्यांनी शेखरला फेरआइनमध्ये, म्हणजे इथल्या खेळाच्या क्लबात, बास्केटबॉलला घातलं. मुलांचा सराव शनिवारी, शहराच्या पूर्वेच्या टोकाला. मुलींचा त्याच वेळी फ्युर्थला, पश्चिमेला. गाडी एक, बाप एक. सहा वर्षं गाडी पूर्वेला गेली. अकरा वर्षांच्या मुलीने एकटीने यू-बानने, म्हणजे भुयारी रेल्वेने, फ्युर्थला जायचं नाही, आणि तिला तिकडे नेऊन आणायला वेळ कोणाला आहे, असं ठरलेलं होतं. आईला शनिवारी दुकानात काम असे.

मीनल मागच्या गॅरेजांच्या भिंतीवर चेंडू मारायची. शेखरपेक्षा उंच होती आणि तिचा चेंडू शेखरपेक्षा सरळ जायचा. हे मी सांगत नाही, क्लबचे प्रशिक्षक एकदा शेखरला सोडायला आले, तेव्हा तिथे उभे राहून बघत होते आणि मग जिना चढून वर गेले. ही मुलगी माझ्याकडे पाठवा, म्हणाले. जगदाळ्यांनी त्यांना कॉफी पाजली आणि पाठवलं नाही. पुढे इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने आवाजाची तक्रार केली आणि भिंतही बंद झाली. मग शनिवारी मीनल आमच्याकडे येऊ लागली. मी तिला लाटणं दिलं. तिच्या पोळ्या गोल यायच्या, याचं मी तेव्हा फार कौतुक केलं. आज आठवलं की बरं वाटत नाही.

शेखरने सोळाव्या वर्षी खेळ सोडला. आता तो ड्युसेलडॉर्फला विम्याचं काम करतो आणि टीव्हीवर बास्केटबॉल लागलं तर चॅनल बदलतो. मीनल अमेरिकेत पोर्टलँडला आहे.

सुलभावहिनींच्या दिवसांना दोघं आली होती. लोक जमलेले. जगदाळे कोणाला तरी शेखरच्या लहानपणीच्या चषकांचं कपाट दाखवत होते. मीनल मागे उभी होती. ती लहानपणापासून मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते. त्या दिवशी मात्र तिने मराठीत विचारलं, "आणि मी, पपा?"

जगदाळे म्हणाले, "तुझा गट वेगळा होता ना."

"गेनाऊ," ती म्हणाली. अगदी त्यांच्यासारखं. कोट घातला आणि विमानतळावर गेली. त्यानंतर तिने त्यांचा फोन उचललेला नाही.

हे सगळं मला माहीत होतं. नकाशा त्याच्या पुढच्या महिन्यात माझ्या टेबलावर आला, हेही माहीत होतं. मी माझ्या फडताळातल्या बरण्यांवर नाव आणि तारीख लिहून ठेवणारी बाई. पण या दोन गोष्टी सहा वर्षं मी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत.

यंदा फेब्रुवारीत जगदाळे बर्फावरून घसरले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. पत्र आधीच लिहून झालेलं होतं. पाकिटावर पत्ता तेवढा तुम्ही घाला, म्हणाले. मी पेन घेतलं. त्यांनी सांगितलं, "मीनल जगदाळे." मग रस्ता, मग पोर्टलँड.

मी लिहिलं. काही विचारलं नाही. त्यांना ते न विचारणं सहन झालं नसावं, कारण ते वर गेले आणि डाव्या काखेत एक जाड फाइल घेऊन खाली आले. आत सगळी जुनी पाकिटं तारखेप्रमाणे लावलेली होती. प्रत्येकावर त्यांच्या अक्षरातला पत्ता, आणि घेण्यास नकार, असा तिकडच्या पोस्टाचा शिक्का. एकही फोडलेलं नव्हतं. सहा वर्षांचे माझे स्वल्पविराम जसेच्या तसे परत आले होते.

मी नव्या पत्राची घडी उघडली आणि ते पुन्हा वाचलं. या वेळी संघ कोण ते मला कळत होतं.

"भाऊजी, यात सगळं आहे. चूक कोणाची ते नाही."

"आहे की. व्यवस्थापनाची."

"व्यवस्थापन म्हणजे कोण?"

चहावर साय धरली. मग त्यांनी पेन डाव्या हातात धरलं आणि तक्त्यांच्या खाली मराठीत एक ओळ लिहिली. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी वाकडी. "गट मी पाडले होते." त्या ओळीत मी काही सुधारलं नाही. पाकीट बंद केलं आणि पोस्टात मीच टाकलं.

ते पत्र परत आलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर होतं, म्हणून तिने घेतलं असेल. आत कोणाचं आहे ते कळल्यावर पुढे वाचलं की टाकून दिलं, कोणाला ठाऊक. तीन महिने झाले, उत्तर नाही. पूर्वी पाकीट परत आलं की जगदाळे नव्या रचनेला लागायचे. आता काही परतच येत नाही, तर माणूस काय करणार? शुक्रवारी येतात, नकाशा घडीतच ठेवतात. मी मसाल्याचा डबा काढते, ते तो नुसता सरकवून परत देतात. अमेरिकेत पोस्टाचा संप आहे का, असं त्यांनी एकदा विचारलं. मला माहीत नाही, असं मी म्हणाले.

काल आले ते उशिरा, पाचच्या पुढे, कोट अंगात तसाच. तुमचे आजोबा परतले होते. जगदाळे खुर्चीत बसले आणि कोणाकडेच न बघता म्हणाले, "वहिनी, आज फ्युर्थला जाऊन आलो. मुलींच्या सरावाच्या त्या हॉलपर्यंत. यू-बानने."

मी चहा पुढे केला.

"सतरा मिनिटं लागतात," ते म्हणाले.