गवतातली घंटा

बावीस वर्षांत ऑरव्हल टीसनच्या पात्याला साधा खडा लागला नव्हता! नेब्रास्कातल्या त्या लहानशा गावात दफनभूमीचं गवत तो कापायचा, आणि ही बढाई भेटेल त्याला ऐकवायचा. पाद्रीबुवांना तर प्रत्येक अंत्यविधीला. शवपेटीतला तेवढा सुटायचा.

"कठीण वस्तू आणि फिरतं पातं!" तो दरडावायचा. "त्यापेक्षा बंदुकीची गोळी बरी! ती निदान नेम धरून येते."

म्हणून त्याने फाटकावर पाटीच ठोकली होती : गवतात काहीही ठेवू नये. फुलदाणी, देवदूत, दिवा, दिसेल ते तो जप्त करी. त्याचा उभा दावा होता तो मात्र आर्लेट कुबिचेकच्या चिनी मातीच्या बेडकाशी. शाळेत त्याच्याच वर्गात असलेली ही बाई आपल्या नवऱ्याच्या थडग्यापाशी तो बेडूक पुन्हा पुन्हा आणून ठेवायची.

आता खरी गोष्ट. ऑरव्हलची बायको व्हर्ना दोन वर्षांपूर्वी गेली. जेवण तयार झालं की ती मागच्या दारात बिडाची घंटा बडवायची. अर्ध्या गावाला ऐकू जायची. ती घंटा त्याला घरात बघवेना आणि टाकवेना. शेवटी त्याने ती व्हर्नाच्या दगडामागे गवतात दडवली. यंत्र फिरवायच्या आधी उचलायची, नंतर परत ठेवायची. नुसतं तिथे जाऊन बसायची त्याला लाज वाटे. यंत्र हातात असलं की कोणी काही विचारत नसे. दफनभूमीची समिती मात्र ते काम एका कंपनीला द्यायला टपलेली होती. एक अपघात पुरे होता.

मेमोरियल डेच्या, म्हणजे सगळं गाव थडग्यांवर फुलं वाहायला येतं त्या दिवसाच्या, आदल्या दिवशी गवत घोट्याच्या वर गेलं होतं. ऑरव्हलने व्हर्नाच्या रांगेत यंत्र आणलं, तोच शेजारच्या थडग्यापाशी आर्लेट दिसली आणि गवतात बेडकाचे हिरवे डोळे चमकले.

"आर्लेट! पुन्हा हा बेडूक?"

"माझ्या एमिलला आवडायचा."

"एमिलला आता तो दिसतोय का?"

"तुझा आरडाओरडा नक्की ऐकू जात असेल!"

"पात्याखाली आला तर माझा पाय जाईल, पाय!"

"मग आधी खाली बघून घे की रे!"

"मला शिकवतेस? बावीस वर्षं झाली मला!"

ती फणकाऱ्याने नळावर पाणी आणायला गेली. तिची पाठ वळताच ऑरव्हलने बेडूक जाकिटाच्या खिशात कोंबला, रागाच्या भरात यंत्र सुरू केलं आणि खाली न बघता ढकललं.

खण्ण!

घंटेचे तुकडे झाले. पातं वाकलं, यंत्र गचके खात बंद पडलं. उडणारे खडे अडवणारं यंत्रामागचं रबर फाटलं होतं, ते त्याने दोन वर्षं बदललं नव्हतं. तिथूनच एक तुकडा सुटला आणि त्याच्या नडगीत घुसला. हाड दिसायला लागलं. बूट रक्ताने भरला.

आर्लेट धावत आली. डोक्याचा रुमाल सोडून तिने पाय करकचून आवळला.

"माझा बेडूक! माझ्या बेडकाने घात केला रे तुझा!"

ऑरव्हलने तोंड उघडलं आणि परत मिटलं. दोष बेडकावर गेला, तर काम वाचत होतं. तो कण्हत राहिला. आर्लेट रडत राहिली.

इस्पितळात डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन पाय बधिर केला, चिमट्याने तुकडा ओढून काढला आणि स्टीलच्या ताटलीत टाकला. टण्ण!

"आलो गं व्हर्ना!" गुंगीतला ऑरव्हल ओरडला.

पडद्यापलीकडे आर्लेटचं रडणं थांबलं. ती आत आली, तिने ताटलीत डोकावून पाहिलं. चिनी माती नव्हे, बीड! तो आवाज तिने चाळीस वर्षं ऐकला होता.

डॉक्टर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "समितीचा फोन आला होता. यापुढे गवत कंपनी कापणार."

ऑरव्हलचा चेहरा पडला. "मग मी तिथे कशाला जायचं?"

"आम्ही बाकीचे कशाला जातो रे?"

ऑरव्हलने खुर्चीवरचं जाकीट मागून घेतलं, खिशात हात घातला आणि बेडूक तिच्या हातावर ठेवला.

बेडकाचे चारही पाय शाबूत होते.