‘करणे’चा भूतकाळ

जी भाषा कोणीच ऐकलेली नाही, तिच्यातल्या चुका काढायला विद्यापीठच लागतं. हॉलंडमधल्या आमच्या विभागात मी चिटणीस आहे. तिथे अशा एका भाषेवर काम चालतं. लॅटिन आणि तिच्या बहिणींची ही आई. हजारो वर्षांपूर्वी वारली, लिहून काही ठेवलं नाही. मुलींच्या चेहऱ्यांवरून आईचं नाक ठरवावं, तसे आम्ही तिचे शब्द ठरवतो आणि प्रत्येकापुढे चांदणी काढतो. (चांदणी म्हणजे ‘लेखी पुरावा नाही’ अशी खूण. आमच्याकडे तिला फार मान आहे.)

त्यातलं ‘करणे’ हे क्रियापद नऊ वर्षं अडलं होतं. मुळात त्याचा अर्थ ‘ठेवणे’. करणं मागाहून आलं. वर्तमानकाळाबद्दल तक्रार नव्हती: ‘फक्यो’, म्हणजे ‘मी करतो’. भांडण भूतकाळाचं. ‘त्याने केलं’ म्हणजे ‘फेकेद’, असं प्राध्यापक विब्रन टर्पस्ट्रा म्हणत. त्यांच्या पत्नी डॉ. आलेडा म्हणत, ‘फेफकेद’. (पहिल्या रूपात मराठी वाचकाला फेकाफेक दिसेल, तो योगायोग समजावा.)

“पहिलं अक्षर दोनदा येतं, विब्रन. बालवाडीतलं पोरही सांगेल,” आलेडाबाई एकदा न्याहारीला म्हणाल्या.

“मग बालवाडीतच शिकव.”

त्या दिवशी विब्रन माळ्यावर राहायला गेले. चार वर्षं झाली.

शेवटी शब्दकोशात दोन्ही रूपं द्यायचं ठरलं. छापून आला, तर बाईंचं रूप गायब. विभागप्रमुखांनी बाईंसमोर बाकीच्या सात विद्वानांना विचारलं, “हे कोणी केलं?”

इतिवृत्तात मी उत्तरं नोंदवली. ‘वगळलं गेलं असावं’: तीन. ‘राहून गेलं’: दोन. ‘कॉम्प्युटरने खाल्लं’: एक. उरले विब्रन.

“मी केलं,” ते म्हणाले. “शेवटच्या तपासणीत मीच खोडलं. तेव्हापासून धड झोप नाही.”

“याला रकाना आहे का?” प्रमुखांनी मला हळूच विचारलं. नव्हता.

आलेडाबाई नवऱ्याकडे वळल्या. “रूप तुझं चूकच आहे,” त्या म्हणाल्या, “पण ‘मी केलं’मधला पुरुष बरोबर निघाला. गादी खाली आण.”

दुरुस्तीपत्रक निघालं. विब्रनना लेखी समज मिळाली, उरलेल्या सहांना बढती.

वाचकहो, हसा. मग घरी विचारा, “फ्रिजचं दार उघडं कोणी ठेवलं?” सगळे म्हणतील, “राहिलं असेल.” तुम्हीही तेच म्हटलं असतं, विचारणारे तुम्ही असल्यामुळे वाचलात, एवढंच.