न्हाणीत कोंडलेली बुरशी

निळ्या रंगाला मी हरवणार, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं! तेही भर बैठकीत, मालकांसमोर!

आमचा कापड रंगवण्याचा कारखाना. रंगकामातून उरलेलं पाणी टाकीत साफ करून मगच नाल्यात सोडायचं, हे माझं काम. बाकीचे रंग निमूट जायचे. निळा मात्र रुसलेल्या जावयासारखा ठाण मांडून बसायचा! तीन आठवड्यांनी सरकारी तपासणी होती. पाणी पुन्हा निळं निघालं, तर कारखान्याला टाळं आणि साठ माणसं घरी.

"लाकूड कुजवणारी बुरशी आणतो," मी म्हणालो. "ती रंग खाते."

"बुरशी? रंग खाते?" मालकांचं बिस्किट चहात पडलं.

"मिटक्या मारत!"

कारखान्यातल्या वाफेत बुरशी शिजली असती, म्हणून ती घरीच वाढवायला घेतली. मागच्या न्हाणीत ओल्या भुशाचं पिंप ठेवलं आणि दाराला कुलूप लावलं. बायकोला सगळं सांगितलं. डॉक्टरांना गुडघे दाखवायला आमच्याकडे आलेल्या आत्याला सांगायचं तेवढं राहून गेलं. तिथेच घात झाला!

आठव्या दिवशी मी कामावरून बायकोला फोन केला. आत्याच्या कानावर पडलं ते फक्त बायकोचं बोलणं.

"काय? तिला मुद्दाम उपाशी ठेवलंय?... म्हणजे जास्त जोमाने काम करेल?... बरं, अंधारातच राहू दे. नाही हो, कुणाला कळत नाही!"

एवढं बोलून बायको तिच्या ऑफिसला गेली. आत्या गुडघे विसरून न्हाणीकडे धावली.

"अगं पोरी, आहेस ना आत?"

आतून आवाज नाही.

"बोलायचंही त्राण उरलं नाही गं बिचारीला!"

तिने आरडाओरडा सुरू केला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त फौजदार राहतात. इतक्या वर्षांनी गुन्हा आपणहून चालून आलेला! ते बनियनवरच खाली उतरले, पण कमरेला पट्टा बांधून. मी घरी पोचलो, तेव्हा अख्खी इमारत आमच्या दारात!

"बाई कोण?" फौजदारांनी माझं मनगट धरलं.

"कुठली बाई?"

"कोंडलेली!"

मी कुलूप काढलं, पिंपाचं झाकण उघडलं. आत पांढरीशुभ्र, लुसलुशीत बुरशी!

"एवढंच?" गर्दी हिरमुसली.

आत्या मात्र भडकलेलीच. "जीव आहे ना तिच्यात? मग उपाशी का ठेवलीस?" आणि मी कपडे बदलून येईपर्यंत तिने पातेलंभर कोंड्याची पेज पिंपात ओतली! आठ दिवसांची मेहनत पेजेत बुडाली!

दोन दिवसांनी बघतो तर काय! बुरशी झाकण उचलून बाहेर डोकावत होती! गादीएवढी! टेम्पोत घालून नेली आणि टाकीत सोडली. दुसऱ्या दिवशी पाणी निळ्याचं राखाडी झालं. मालक तासातासाला वाकून बघायचे. पाचव्या दिवशी टाकीचा तळ दिसला आणि तळाशी फोरमनचा वर्षभरापूर्वी हरवलेला चष्मा!

तपासणीच्या दिवशी तपासनीस बाईंनी बाटली उजेडात धरली, हलवली, यंत्राला लावली.

"रंग गेला कुठे?"

"खाल्ला!" मी म्हणालो.

शिक्का बसला! रंगाऱ्यांनी मला खांद्यावर घेऊन आवारभर मिरवलं. आत्याला फोन केला, तर ती म्हणाली, "बघ! पोटभर जेवल्यावर कशी कामाला लागली!"

मग मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. आता बढती! मी कॉलर सारखी केली.

"बुरशीतलं तुम्हाला इतकं कळतं, हे मला ठाऊकच नव्हतं," मालक हळू आवाजात म्हणाले.

"तुमची कृपा, साहेब."

"मग तुमच्यापाशी संकोच कसला?" असं म्हणून त्यांनी बूट काढला, मोजा काढला आणि पाय टेबलावर ठेवला. "बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात. जरा बघता?"

बघितल्या हो! काय करणार?