गोरज मुहूर्त आणि चढा दर

एका जंगलात, बाळांनो, वीज आली होती. जंगल जुनंच होतं. झाडं जुनी, प्राणी जुने. फक्त तारा नव्या होत्या.

त्या जंगलात शूलपाणी नावाचं साळिंदर राहायचं. बायको टोकाबाई. मुलगी शलाका. साळिंदरांना अंधारात छान दिसतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. पण या तिघांनी बिळात दिवे लावले आणि त्यांची ती सवयच गेली. दिवा गेला की तिघंही एकमेकांवर आपटायची. साळिंदरावर साळिंदर आपटलं की काय होतं, ते मी सांगायला नको.

आणि दिवा रोज जायचा. नेमका संध्याकाळी.

त्यात शलाकाचं लग्न ठरलं. मुलगा नदीपलीकडच्या घळीतला, भालचंद्र नावाचा. शांत, कमी बोलणारा. शलाकाला तो फार आवडला होता.

"लग्नात दिवे गेले तर माझं नाक कापलं जाईल," शूलपाणी म्हणाला. म्हणून त्याने बिळावर सोलरच्या पाट्या बसवल्या आणि एक मोठी बॅटरी आणली. ती भरली की तिच्यावर ओळीने हिरवे दिवे लागायचे. टोकाबाईने तिला हळदकुंकू वाहिलं. त्या संध्याकाळी साऱ्या जंगलाची वीज गेली, पण शूलपाणीच्या बिळात लख्ख उजेड होता. तिघं एकमेकांकडे बघून हसली.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण सकाळी रंगराव आला.

रंगराव हा सरडा. जंगलाच्या वीज मंडळाचा माणूस. म्हणजे सरडाच, पण मंडळाचा.

"घरात बॅटरी, आणि वीजदराची योजना साधी?" रंगरावाने कपाळावर हात मारला. "शूलपाणीराव, हे म्हणजे घोडा घेऊन पायी चालणं झालं!"

मग त्याने योजना सांगितल्या. एकेक योजना सांगताना तो तिच्या रंगाचा व्हायचा. पिवळ्या योजनेत दिवसभर एकच दर. हिरवीत दुपारी वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. आणि लाल योजनेत दर पळापळाला बदलणार. त्यात आपल्या बॅटरीतली वीज मंडळाच्या तारेत सोडायची. जेवढा दर चढा, तेवढे पैसे आपल्याला.

"पिवळी घ्या," टोकाबाई म्हणाली. "दिवा लागला म्हणजे झालं."

"अगं, दिवा तर कोणीही लावतं," शूलपाणी म्हणाला, आणि त्याने लाल योजना घेतली.

त्या दिवसापासून घर बदललं. दुपारी बॅटरी भरायची. संध्याकाळी दर चढला की शूलपाणी खटका ओढायचा, बॅटरीतली सगळी वीज तारेत जायची आणि शेजारच्या बिळांत दिवे लागायचे. शूलपाणीच्या बिळात काळोख.

"अहो, बॅटरी आहे ना आपल्याकडे?" अंधारात टोकाबाईने विचारलं.

"आहे म्हणून तर अंधार आहे. नसती तर आपणही बाकीच्यांसारखे उजेडात बसलो असतो."

टोकाबाई यावर काही बोलणार, तेवढ्यात तिला शलाका टोचली.

पुढे शूलपाणीला विकणंही जिवावर यायला लागलं. दर आणखी चढेल या आशेने तो बॅटरी भरलेलीच ठेवायचा. तिच्यासमोर पाट टाकून हिरवे दिवे मोजत बसायचा. शलाका त्याला लग्नाच्या साडीचा रंग विचारायला आली, तर तो म्हणाला, "हळू बोल. भरतेय ती."

शलाका आल्या पावली परत गेली.

लग्नाची तारीख काढायला करकोचा गुरुजी आले. म्हणाले, "गोरज मुहूर्त उत्तम."

शूलपाणी दचकला. "संध्याकाळी? तेव्हा दर सगळ्यात चढा असतो. दुपारी लावा."

"गुरं घरी परततात आणि धूळ उडते, तो गोरज. दुपारी कसा असेल?"

शूलपाणी तडक माळावर गेला आणि गव्यांना म्हणाला, "लग्नाच्या दिवशी तेवढं दुपारी परतता का?"

"आमचं चरून व्हायचं असतं," गवे म्हणाले आणि चरत राहिले.

शेवटी टोकाबाईने बजावलं, "निदान लग्नाच्या दिवशी उजेड हवा. नाहीतर मी मांडवात येणार नाही." शूलपाणीने शपथ घेतली. बॅटरी ढकलत मांडवात आणून ठेवली. सगळा मांडव झगझगला. शलाका हार घेऊन उभी राहिली. मध्ये अंतरपाट, पलीकडे भालचंद्र. मंगलाष्टका सुरू झाल्या.

तेवढ्यात रंगराव धावत आला. इतका लाल, की गर्दीने वाट करून दिली.

"शूलपाणीराव! आज सगळ्या जंगलात लग्नं आहेत! एवढा दर मी जन्मात बघितला नव्हता!"

शूलपाणीने शलाकाकडे पाहिलं. मग रंगरावाकडे पाहिलं. मग त्याने खटका ओढला.

मांडवात काळोख झाला. वऱ्हाड एकमेकांवर आपटलं. सगळीकडे "आई गं" सुरू झालं. त्या धक्काबुक्कीत भालचंद्र बाजूला फेकला गेला आणि बॅटरी घरंगळत पुढे आली. गुरुजींनी "सावधान" म्हटलं आणि अंतरपाट खाली पडला. शलाकाने चाचपडत हार घातला.

कोणीतरी मशाल आणली. हार बॅटरीच्या गळ्यात होता.

"हरकत नाही," गुरुजी म्हणाले. "एक छोटी शांत करू, पुन्हा हार घालू."

"थांबा!" शूलपाणी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती. "लग्न लागलं. मला हा जावई मान्य आहे. खात नाही, रुसत नाही, मानपान नाही. आणि कायमचा घरात!"

"पण बॅटरी ती असते," गुरुजी म्हणाले. "तो नव्हे."

"आजपासून तो."

भालचंद्र काट्यांतली फुलं काढत होता. शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने पदर खोचला.

"बाबा, सगळ्यांसमोर मान्य केलंत ना?"

"केलं."

"मग हा माझा नवरा. आणि लग्न झाल्यावर मुलगी घरी राहत नाही. आम्ही वेगळं बिऱ्हाड करणार."

शूलपाणीचे सगळे काटे उभे राहिले. "अगं, पण तो घरजावई..."

"मला एकटीला उचलणार नाही," शलाका भालचंद्राला म्हणाली. "दुसरी बाजू धरता?"

"धरतो," भालचंद्र म्हणाला. त्या लग्नात तो तेवढंच बोलला.

बॅटरी उचलून दोघं नदीकडे चालू लागली. टोकाबाई पाठराखीण म्हणून मागोमाग गेली. पाठराखीण चार दिवसांनी परतते. टोकाबाई अजून परतलेली नाही.

शूलपाणी आता बिळात एकटाच असतो. संध्याकाळी दर चढला की त्याला सवयीने आनंद होतो. "टोके, चढला गं!" असं तो ओरडतोही. मग त्याला आठवतं, की विकायला घरात काही नाही, आणि ऐकायलाही कोणी नाही.

तात्पर्य : मुलीचं लग्न ठरवण्याआधी, बाळांनो, बॅटरी भिंतीला पक्की बोल्ट मारून बसवावी.